काट्यावर बारीक, आतून जाड

रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारायच्या आणि तिथून थेट मिसळ गाठायची, हा नाशिककरांचा शिरस्ता. टेबलावरचा जाडा माणूस एकाच पावावर थांबतो. त्याला बायकोची ताकीद असते. शेजारचा सडपातळ मात्र तिसरा पाव मागवतो, वर जिलेबी. "मला काय धाड भरलीय? वजन साठच्या वर कधी गेलं नाही!"

या साठ किलोंवर फार विसंबू नये. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटाला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच दिसलं. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायू उचलतात. तेच कमी असले, की उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि ती पोटात, अवयवांभोवती साठते. काट्याला यातलं काही कळत नाही.

मिसळीला उगाच बदनाम करू नये. मोड आलेली मटकी गुणाचीच. घात करतात मैद्याचे पाव, फरसाण आणि तर्रीवरचं तेल. उपासाची साबुदाण्याची खिचडीही जवळजवळ निव्वळ पिष्ट. दाण्याचं कूट तेवढं तिची अब्रू राखतं. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी आणि कुळीथ यांत तंतू आहेत, प्रथिनं आहेत. (नागलीचं नाव छापलेली बिस्किटं यात धरू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा मैदा आणि साखर.)

काटाच सगळं सांगत नाही, यात वजनदार मंडळींनाही दिलासा आहे. स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' अभ्यासात कॅलरी मोजायला न लावता आहारात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा वाढवला. वजनात फारसा फरक पडला नाही, तरी नव्याने मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण घटलं.

सडपातळ मित्राला काटा दाखवून उपयोग नाही. घरातल्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून त्याच्या पोटाभोवती धरावी. मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. श्वास आत ओढू देऊ नये.