एलईडी इंडिकेटर फास्ट का मारतो?
दुचाकी मेकॅनिक व सुट्या भागांच्या दुकानदारांसाठी उपयुक्त माहिती

मांजरसुंबा, अंबाजोगाई, कळंब आणि धारूर अशा चार बाजूंचे रस्ते केजमध्ये येऊन मिळतात. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी, दूधवाले, विद्यार्थी यांचे येणे-जाणे बहुतेक मोटारसायकलवरच असते. साहजिकच दुचाकी दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर येथील अनेक कुटुंबांची रोजीरोटी चालते. अलीकडे या गॅरेजवर एक काम वारंवार येते. तरुण ग्राहक मूळचे इंडिकेटर काढून बारीक, दिसायला सुबक असे एलईडी इंडिकेटर बसवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो: "उस्ताद, इंडिकेटर लई फास्ट मारायलाय."

अशा वेळी कोणी "एलईडी असाच मारतो" म्हणून ग्राहकाची बोळवण करतो, तर कोणी हाताला लागेल तो रेझिस्टर जोडून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी धंद्याच्या दृष्टीने नुकसानीच्या आहेत. म्हणून या बिघाडाचे कारण आणि त्यावरील योग्य उपाय येथे सविस्तर देत आहोत.

फ्लॅशर काय सांगतो?

इंडिकेटरची उघडझाप बल्ब करीत नाही, ती फ्लॅशर करतो. बॅटरीचा प्रवाह फ्लॅशरमधून डाव्या-उजव्या बटणाकडे आणि तेथून त्या बाजूच्या पुढच्या व मागच्या दिव्याकडे जातो. फ्लॅशर कारखान्यात ठराविक वॅटच्या बल्बसाठी बनवलेला असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी मिळाला की तो वेग वाढवतो. एक बल्ब उडाला आहे हे चालवणाऱ्याला कळावे, असा या वेगाचा उपयोग आहे. म्हणजे इंडिकेटर फास्ट मारतो तेव्हा फ्लॅशर बिघडलेलाच असेल असे नाही. पुष्कळदा तो आपले काम बरोबर करीत असतो आणि "लोड कमी आहे" एवढेच सांगत असतो.

जुन्या पत्तीच्या फ्लॅशरचे वागणे याच्या उलट असते. त्यातील पत्ती प्रवाहाने तापते, वाकते आणि संपर्क तोडते. प्रवाह कमी पडला तर पत्ती पुरेशी तापत नाही. मग दिवा फार हळू मारतो किंवा लागला तो लागूनच राहतो. तक्रार वेगळी दिसली तरी मूळ कारण एकच आहे.

साधा हिशोब

आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट १० वॅटचा असतो. एका बाजूला दोन बल्ब, म्हणजे २० वॅट. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. २० भागिले १२ म्हणजे सुमारे १.६७ अँपिअर. आता एलईडी इंडिकेटर प्रत्येकी दीड वॅटचा धरा. दोन्ही मिळून ३ वॅट, म्हणजे केवळ पाव अँपिअर. फ्लॅशरला वाटते की दोन्ही बल्ब गेले. मग तो घाई करणार नाही तर काय करील?

आधी दोष कोठे आहे ते पाहा

सामान बदलण्यापूर्वी दोन्ही बाजूंची बटणे दाबून पाहावीत. फक्त एकच बाजू फास्ट मारत असेल तर दोष त्या बाजूच्या दिव्यात, होल्डरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. पावसाचे पाणी व चिखल मागच्या मडगार्डपर्यंत पोहोचतो. त्यामुळे मागच्या होल्डरला गंज चढणे आणि बॉडी अर्थ सुटणे ही नेहमीची गोष्ट आहे. कधी १० वॅटच्या जागी ५ वॅटचा बल्ब बसवलेला सापडतो. अशा गाडीला नवा फ्लॅशर लावून काही उपयोग नाही.

एलईडी बसवल्यापासून दोन्ही बाजू सारख्याच फास्ट मारत असतील, तर मात्र प्रश्न लोडचा आहे.

एलईडी अजिबात लागत नसेल तर वायर उलट झाली आहे का ते पाहावे. बल्बला उलटे-सुलटे नसते. एलईडीला प्लस आणि अर्थ आपापल्या जागीच लागतात.

खरा उपाय: एलईडीचा फ्लॅशर

लोड बदलला, तर लोड मोजणारा फ्लॅशरही बदलावा. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बाजारात मिळतो. त्याचा वेग लोडवर अवलंबून नसतो. तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

१) जुना फ्लॅशर दोन पिनांचा आहे की तीन पिनांचा. एलईडीच्या काही दोन पिनी फ्लॅशरला अर्थची एक वेगळी वायर असते. ती बॉडीला जोडल्याशिवाय तो चालत नाही.

२) पिनांची जागा. बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे दिवा आणि ई म्हणजे अर्थ. वेगवेगळ्या बनावटींत या पिनांचा क्रम बदलतो. कपलर बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली असे समजू नये. टेस्ट लॅम्पने खात्री करूनच पिना जोडाव्यात.

३) मूळ फ्लॅशरमध्ये बझर असेल तर नव्यातही हवा का, हे ग्राहकाला आधी विचारावे. नाहीतर नंतर "आवाज गेला" अशी नवी तक्रार येते.

काम झाल्यावर वेग मोजावा. इंडिकेटरने मिनिटाला ९० वेळा मारावे, त्यात ३० कमी-जास्त चालते, हे मान्य माप आहे. घड्याळ लावून १० सेकंद मोजा. १० ते २० वेळा मारला तर काम बरोबर आहे.

चारही दिवे एकदम मारतात तेव्हा

फ्लॅशर बदलल्यावर कधी कधी नवाच प्रकार दिसतो. डावे बटण दाबले तरी चारही इंडिकेटर मारतात. मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच पायलट बल्ब असलेल्या गाड्यांत हे घडते. हा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडे प्रवाह आला की तो पायलटमधून उजव्या बाजूच्या बल्बांतून अर्थला जातो. हा प्रवाह इतका कमी असतो की १० वॅटचे बल्ब त्यावर पेटत नाहीत. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतो.

यावर उपाय दोन डायोडचा आहे. १एन४००७ क्रमांकाचा डायोड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन रुपयांत मिळतो. पायलटच्या दोन्ही वायरी सोडवून प्रत्येकीला एक डायोड लावावा. डायोडवरील पांढरी रेघ पायलटच्या बाजूला ठेवावी. रेघेकडील दोन्ही टोके एकत्र करून पायलटच्या एका टोकाला जोडावीत आणि पायलटचे दुसरे टोक अर्थ करावे. आता प्रवाह पायलटपर्यंत येईल, पण पलीकडच्या बाजूला जाणार नाही. जोड डाग देऊन पक्के करावेत आणि त्यावर स्लीव्ह चढवावी. डावा-उजवा बाण वेगळा असलेल्या मीटरमध्ये सहसा हे काम करावे लागत नाही.

रेझिस्टरचा मार्ग आणि त्याची जोखीम

जुना फ्लॅशर तसाच ठेवून लोड रेझिस्टर जोडला तरी वेग ताळ्यावर येतो. पण त्यात काय होते ते समजून घ्यावे. एलईडीने वाचवलेला प्रवाह रेझिस्टर उष्णता करून उडवतो. अनेक कम्यूटर गाड्यांची बॅटरी अवघी ३ अँपिअर-तासांची असते. तिला एलईडीमुळे जो आराम मिळायचा, तोच जातो.

करायचेच झाले तर हिशोबाने करावे. २० वॅटच्या जागी ३ वॅट आले, म्हणजे १७ वॅटची तूट आहे. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, त्याला १७ ने भागले की साडेआठ ओहमच्या आसपास उत्तर येते. बाजारात ८.२ ओहमचा रेझिस्टर मिळतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ पर्यंत जाते, तेव्हा हाच रेझिस्टर दिवा लागलेला असताना सुमारे २४ वॅट उष्णता टाकतो. म्हणून तो किमान २५ वॅटचा, शक्यतो अॅल्युमिनियमच्या कवचाचा ५० वॅटचा घ्यावा. एका बाजूला एक पुरतो. त्याचे एक टोक इंडिकेटरच्या वायरला आणि दुसरे अर्थला जोडावे. वायर तोडून मध्ये बसवू नये. ६ ओहमचा म्हणून मिळणारा रेझिस्टर मोटारीच्या २१ वॅटच्या बल्बसाठी असतो. तो येथे गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागा. रेझिस्टर चेसिसच्या लोखंडाला स्क्रूने कसावा. टेप गुंडाळून तो वायरिंगच्या गठ्ठ्यात कोंबणे, प्लास्टिकला टेकवणे किंवा पेट्रोलच्या नळीजवळ ठेवणे म्हणजे ग्राहकाच्या गाडीत निखारा ठेवण्यासारखे आहे.

नव्या गाड्यांत सावधगिरी

काही नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर सापडत नाही. उघडझापीचे काम मीटर किंवा कंट्रोल युनिट करते. अशा गाडीची वायर तोडून प्रयोग करू नये. एका चुकीच्या जोडीने महागडे युनिट जाऊ शकते, आणि वॉरंटी असेल तर त्यावरूनही वाद होतो. कंपनीच्या एलईडीचे सामान त्या मॉडेलला मिळते का, हे आधी पाहावे.

दुकानदारांसाठी दोन शब्द

दिल्लीचे करोल बाग ही दुचाकीच्या सजावटी सामानाची मोठी पेठ आहे. अशा पेठांतून मागवलेला इंडिकेटरचा माल दुकानात खूप असतो, पण त्याला लागणारा फ्लॅशर बहुधा नसतो. दोन्ही बरोबर ठेवावेत आणि बरोबरच विकावेत. ग्राहकाला एकूण खर्च आधीच सांगावा. नंतर वाढवलेले बिल ग्राहकाला खटकते. आधी सांगितलेले तो आनंदाने देतो.

रंगाच्या बाबतीत तडजोड नको. इंडिकेटर पिवळसर नारिंगीच हवा, निळा किंवा पांढरा नको. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, हेही ग्राहकाच्या कानावर घालावे. विकण्यापूर्वी दिवा भर दुपारच्या उन्हात पेटवून २०-२५ पावलांवरून पाहावा. सावलीत झगमगणारा बारीक एलईडी उन्हात पुष्कळदा दिसतच नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. त्यांच्यामधून वळणारा मोटारसायकलवाला मागच्या वाहनाला जे सांगतो ते इंडिकेटरनेच सांगतो. तो दिसला नाही किंवा त्याचा अर्थ कळला नाही, तर किंमत एखाद्या घराला मोजावी लागते. फ्लॅशर बदलायला दहा मिनिटे लागतात आणि वेग मोजायला दहा सेकंद. एवढे केल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नये. अशा गॅरेजची पत आपोआप वाढते आणि धंद्यात बरकत राहते.