खेला ते क्रोमोग्लायकेट

अमुक वनस्पतीत दम्यावर गुणकारी द्रव्य सापडले, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. द्रव्य सापडणे आणि औषध हाती येणे यांत मात्र बरेच अंतर असते. एका उदाहरणावरून ते पाहू.

भूमध्य समुद्राच्या परिसरात खेला नावाची वनस्पती उगवते. ती आपल्या ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली. तिच्या फुलोऱ्याच्या वाळलेल्या काड्यांनी लोक दात कोरतात. इजिप्तमध्ये तिच्या फळांचा काढा मुतखड्याच्या कळांवर देत असत. त्यातील खेलीन हे द्रव्य मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते. श्वासनलिकेच्या भिंतीतही तशाच प्रकारचे स्नायू असल्याने ते दम्यावर वापरून पाहण्यात आले. पण त्याने मळमळ होई. म्हणून ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञांनी खेलीनच्या रेणूत फेरफार करून नवी संयुगे बनवण्यास सुरुवात केली.

ती तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे गिनीपिगवर प्रयोग. रॉजर अल्टून्यान या डॉक्टरांना ती पटेना. त्यांना स्वतःला दमा होता आणि गिनीपिगच्या केसांचे वावडेही. आधी नवे संयुग हुंगायचे, मग केसांचा अर्क श्वासावाटे घेऊन मुद्दाम दमा उठवायचा आणि श्वास किती अडला ते मोजायचे, असा क्रम त्यांनी कित्येक वर्षे चालवला. (विद्यार्थ्यांना हे सांगताना, असे प्रयोग घरी करायचे नसतात हेही सांगावे!) त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. काही संयुगे श्वासनलिका मुळीच सैल करत नव्हती, तरीही आधी घेतल्यास दमा उठत नव्हता. नुसता स्नायूंवरचा परिणाम पाहणाऱ्याने ती टाकूनच दिली असती. याच वाटेने १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट तयार झाले. खेलीनमधील क्रोमोन या कड्यांची जोडी त्यात आहे. पण हा रेणू खेलाच्या फळांत नाही.

वावडे असलेल्या माणसाच्या श्वासमार्गात मास्ट पेशी असतात. त्यांच्यावर विशिष्ट प्रतिपिंडे चिकटलेली असतात. परागकण किंवा धूळ त्यांना भिडली की पेशीतून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. सूज येते, स्नायू आवळतात. क्रोमोग्लायकेट या द्रव्यांना बाहेर पडू देत नाही. म्हणूनच धाप लागल्यावर ते देऊन उपयोग नाही. वर्गात एखाद्या मुलाला दम लागला, तर डॉक्टरांनी दिलेले श्वासनलिका रुंदावणारे औषधच हवे, हे शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे.

हे औषध आतड्यातून जेमतेम एक टक्का शोषले जाते. त्यामुळे दम्यासाठी त्याची बारीक पूड फुप्फुसात ओढावी लागे. त्यासाठी अल्टून्यान यांनी फिरत्या पात्याचे एक छोटे साधन बनवले; दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिकांना शिकवत, ती विमानविद्या येथे कामी आली. १९६८मध्ये औषध ब्रिटनच्या बाजारात आले. पुढे श्वासावाटे घ्यायची स्टिरॉइडे अधिक प्रभावी ठरली आणि दम्यात याचा वापर फारच कमी झाला. खाजऱ्या, लाल डोळ्यांसाठी याचे थेंब मात्र अजूनही वापरतात. तेथे कमी शोषले जाणे सोयीचेच पडते.