सूडाचा त्याग आणि ईश्वरावरील विश्वास : ख्रिस्ती क्षमाविचार



मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना ‘क्षमा’ ही संकल्पना वारंवार भेटते. मढजवळच्या एरंगळ येथे समुद्रकाठी पोर्तुगीज काळातील संत बोनावेंचर यांचे चर्च आहे. तेथील असो वा अन्यत्रचा, प्रभूची प्रार्थना म्हणणारा प्रत्येक ख्रिस्ती भाविक देवाकडे क्षमा मागताना आपणही आपल्या अपराध्यांना क्षमा करतो असे म्हणतो. क्षमा मागणे आणि क्षमा करणे यांची ही सांगड हाच या विचाराचा गाभा होय.

संकल्पनेचे स्वरूप

जेवढी इजा तेवढीच शिक्षा, हा जुन्या करारातील नियम मुळात सूडाला मर्यादा घालणारा होता. येशूने त्यापुढे जाऊन शत्रूवर प्रेम करण्यास सांगितले आणि वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात या शिकवणीचे कारण येते : सूड घेणे हा देवाचा अधिकार आहे, माणसाने भुकेल्या शत्रूलाही अन्न द्यावे. दुखावलेला मनुष्य स्वतःच्याच दाव्यात न्यायाधीश झाला, तर शिक्षेचे माप त्याच्या हाती राहत नाही. म्हणून तो निवाडा देवावर सोपवतो.

याचा अर्थ अन्याय नाकारणे असा नव्हे. क्षमा करण्यापूर्वी अपराधाला अपराध म्हणावेच लागते. कायद्याने न्याय मागण्याचा मार्गही बंद होत नाही. तेराव्या अध्यायात पौल गुन्ह्याला शासन करण्याचे काम राज्यकर्त्याकडे सोपवतो.

इतिहासातील कसोटी

येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. राज्यकर्ताच सूड घेऊ लागला तर? गोव्यातील साष्टी प्रांतात पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे संतप्त ग्रामस्थांनी रुडॉल्फ अक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट मिशनऱ्यांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणे येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. ही शिक्षा न्यायनिवाड्याने झालेली नव्हती. तो दगा होता. क्षमेचा धर्म सांगणाऱ्यांच्या सत्तेनेच तो धर्म मोडला.

याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी कार्य केले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ओवीछंदातील या काव्यात येशूचे चरित्र मराठीत अवतरले. या ग्रंथाचे मूल्यमापन करताना धर्मोपदेश आणि त्यामागील राजसत्ता यांतील अंतर अभ्यासकाने नजरेआड करू नये.

तुलना

स्टीफन्स यांचे समकालीन संत एकनाथ यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे : अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करीत राहिले. दोन्हीकडे आचरण सारखे दिसते. आधार मात्र वेगळा आहे. एकनाथांच्या शांतीमागे अपराध्यातही तोच आत्मा पाहणारी अद्वैतदृष्टी आहे. ख्रिस्ती क्षमेमागे न्यायी आणि क्षमाशील देवावरील भरवसा आहे.

समारोप

सूडाचा त्याग म्हणजे दुर्बलाने गप्प राहणे नव्हे. तसा अर्थ लावल्यास ही शिकवण बलवानाच्या सोयीची होते. ती बलवानालाही तितकीच, किंबहुना अधिक, बांधते. कुंकळ्ळीचा इतिहास हेच दाखवतो.

स्वाध्याय : ख्रिस्ती क्षमाविचार आणि एकनाथांची शांती यांतील साम्यभेद सोदाहरण स्पष्ट करा.