पोरगं गतिमंद असलं तरी कॉलेजला प्रवेश मागता येतो. खिडकीवरून परत येऊ नका

"बारावी कशीबशी काढली, आता शेळ्या राखू दे त्याला." आमच्या गल्लीतल्या एका बापाचं हे बोलणं. पोराला हिशोब जमत नाही, बोलायला वेळ लागतो. पण ट्रॅक्टर खोलला की कुठला पाना पाहिजे ते न सांगता हातात देतो. बाप बी.ए.चा अर्ज आणायला गेला, तर खिडकीवरूनच सांगितलं, "असल्या मुलांसाठी आपल्याकडं सोय नाही." बाप गपगुमान घरी आला.

इथंच चुकतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत अशा सगळ्या दिव्यांगांसाठी मिळून किमान ५ टक्के जागा राखीव असतात. वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट मिळते. आपल्याकडं दिव्यांग म्हटलं की काठी नाहीतर तीनचाकी डोळ्यांपुढं येते, म्हणून ही पोरं यादीत कुणाला दिसतच नाहीत.

जागा राखीव म्हणजे फुकट पास, असं मात्र नाही. प्रवेशाची पात्रता लागतेच. पण पेपरला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, अभ्यासक्रमात योग्य ते बदल, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. ते मागावं लागतं, तेही लेखी.

दहावीतच अडकलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, एनआयओएस म्हणतात ते. एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत एकेक विषय करून सोडवता येतो. अशा पोरांना हे बरं पडतं. आणि सगळ्यांनी बी.ए.च करावं असं माझं म्हणणं नाही, आयटीआयसुद्धा चांगलं. फक्त अठरा वर्षांनंतर पोर घराच्या ओट्यावर बसून राहू नये.

आधी यूडीआयडी कार्ड काढा. ऑनलाइन अर्ज करायचा, मग तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचं. बुद्ध्यांकाची चाचणी तिथं होते. कार्डाची झेरॉक्स जोडून प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. तो कागद घेऊन पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार करता येते.

त्या बापाला अर्ज मी लिहून दिलाय. सोमवारी पोच घेऊन आला. उत्तर अजून यायचंय.