गोठ्यातले गजकर्ण

माणसाला गजकर्ण झाले की तो ते सदऱ्याखाली झाकतो. वासराला ती सोय नाही. डोळ्यांभोवती, कानांच्या मुळाशी, मानेवर रुपयाएवढे राखाडी, खरबरीत चट्टे उठतात, तिथले केस झडतात आणि बिचारे चष्मा लावल्यासारखे दिसू लागते. एरवी आपण याकडे फारसे लक्ष देत नाही. पण २०२२मध्ये लम्पीची साथ महाराष्ट्रभर फिरली आणि तेव्हापासून जनावराच्या कातडीवर काही दिसले की घराचा श्वास अडकतो.

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना डिंगोरे लागते. गेल्या थंडीत तिथे मामाकडे गेलो होतो. मामीने चहाआधीच मला गोठ्यात नेले. "लम्पी तर न्हाई ना रे ही?" तिचा आवाज कापत होता. लम्पी नव्हती. लम्पी विषाणूची, तिच्यात ताप भरतो, कातडीत टणक गाठी येतात, दूध आटते. इथे ताप नव्हता, गाठी नव्हत्या, कालवड गव्हाणीत तोंड घालून खात होती. जनावरांच्या डॉक्टरांनीही बुरशीच सांगितली.

मला कोडे पडले ते वेगळेच. शेजारच्या दाव्याला तिच्याच वयाची दुसरी कालवड होती. चारा तोच, खरारा तोच, आणि तिच्या अंगावर एकही डाग नाही!

उत्तर मामीच्याच बोलण्यातून निघाले. चट्टेवाली जन्मली त्या रात्री तिची आई आजारी होती. चीक पोटात जायला दुसरा दिवस उजाडला. गाईच्या वासराला रोगाशी लढणारी द्रव्ये गर्भात मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि तीही पहिल्या काही तासांतच नीट शोषली जातात. त्यानंतर हिला हगवण लागली, मग जंत झाले. बांधायची जागाही भिंतीकडच्या काळोख्या कोपऱ्यात. गजकर्णाची बुरशी कातडीच्या मेलेल्या थरावर आणि केसांवर जगते. तिला हुसकावते ते शरीराच्या लढाऊ पेशींचे बळ. धडधाकट वासरू दोन ते चार महिन्यांत बहुधा आपोआप बरे होते आणि सहसा पुन्हा त्याच बुरशीला बळी पडत नाही. खुरटलेल्या वासराचे चट्टे मात्र एकमेकांत मिसळत पसरत जातात. म्हणून नुसत्या चट्ट्याला औषध फासून भागत नाही. डॉक्टरांनी लावायच्या औषधाबरोबर जंताचे औषध दिले, हिरवा चारा वाढवायला सांगितला आणि रोज उन्हात बांधायला लावले. माळशेजच्या पावसाने चार-चार महिने ओल धरणाऱ्या गोठ्यांना ऊन हे औषधच आहे.

भांडण झाले ते खराऱ्यावरून. डॉक्टर म्हणाले, फेकून द्या. मामा म्हणाले, चांगला आहे की! पण या बुरशीचे बीजाणू लाकडात, दाव्यात, वाळक्या खपल्यांत वर्षानुवर्षे टिकतात आणि एकच खरारा अख्ख्या गोठ्यावर फिरतो. शेवटी तो चुलीत गेला, आणि तो गेल्याचे दुःख मामांना कालवडीच्या दुखण्यापेक्षा जास्त झाले असावे.

सोव्हिएत रशियात १९७०च्या दशकात गुरांच्या गजकर्णावर लस निघाली. नॉर्वेने ती पद्धतशीर टोचून हा रोग जवळपास हटवला. तिकडे कातड्याला डाग पडला की चामड्याचा भाव पडतो, म्हणून एवढा आटापिटा. आपल्याकडे काळजी आहे ती घरातल्या माणसांची, कारण ही बुरशी माणसालाही होते. मामांच्या नातवाच्या मनगटावर लालसर कडे उमटले होते, आणि घरात कुणीतरी दुकानातून आणलेली नळी त्यावर चोळणे सुरू होते. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण तिथल्या कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. वासराचे हाल आपण आपल्याच हाताने पोराचे करतो, ते असे.

शहरातल्या वाचकांनी हे खेड्यातले म्हणून सोडू नये. घरातल्या केसाळ मांजराच्या अंगावर एकही चट्टा नसताना ते गजकर्णाची बुरशी बाळगून असू शकते. घरात मधुमेहाचे आजोबा असतील, कुणाचे कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर चट्टेवाल्या जनावराला खरारा करणे, औषध लावणे ही कामे दुसऱ्याने करावीत, हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अंगावर कडे उमटलेच तर त्वचेच्या डॉक्टरांना घरात जनावर आहे हे आधी सांगावे.