आधी दिसू दे, मग चालू दे : अ‍ॅन्सिबलच्या तेरा वर्षांचा मागोवा

फेब्रुवारी २०१२मध्ये मायकेल डीहान या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘अ‍ॅन्सिबल’ सुरू केलं, तेव्हा सर्व्हरची कामं आपोआप करून घेणाऱ्या साधनांची वानवा नव्हती. मार्क बर्जेस यांनी १९९३मध्येच ऑस्लोत सीएफइंजिन लिहून या विषयाचा पाया घातला होता. २००५मध्ये पपेट, २००९मध्ये शेफ आणि २०११मध्ये सॉल्ट आलं होतं. तरीही अ‍ॅन्सिबल झपाट्याने पसरलं आणि ऑक्टोबर २०१५मध्ये रेड हॅटने ते विकत घेतलं. सुरुवातीपासून आजवर त्यात आलेल्या सोयींची यादी लांबलचक आहे. ती चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते : वेग वाढवणाऱ्या सोयींपेक्षा, काम होण्याआधी माणसाला नीट पाहू देणाऱ्या सोयींनीच हे साधन विश्वासाचं केलं.

सुरुवातीचं आकर्षण साधेपणाचं होतं. पपेट किंवा शेफ वापरायचं तर साधारणपणे प्रत्येक सर्व्हरवर त्यांचा ‘एजंट’ बसवा, तो अपडेट ठेवा, हा व्याप असे. अ‍ॅन्सिबलचं काम एसएसएच आणि पायथॉनवर भागत होतं, आणि लिनक्स सर्व्हरवर ही दोन्ही बहुधा असतातच. पण खरी ताकद प्लेबुकच्या, म्हणजे सर्व्हरवर काय असावं हे मांडणाऱ्या फाइलच्या, भाषेत होती. ‘या फाइलमध्ये ही ओळ जोड’ असं सांगणारी शेल स्क्रिप्ट तीनदा चालवली, तर ओळ तीनदा जोडली जाते. प्लेबुक म्हणतं, ‘या फाइलमध्ये ही ओळ असावी’. असेल तर स्क्रीनवर ‘ओके’ येतं. नसेल तर ओळ लिहिली जाते आणि ‘चेंज्ड’ येतं. कॉन्फिग खरोखर बदललं असेल तरच एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर रीस्टार्ट करायचा, हे ‘हँडलर’ सांभाळतो.

त्याला जोड मिळाली चेक मोडची. प्लेबुक ‘चेक’ आणि ‘डिफ’ हे पर्याय देऊन चालवलं, की सर्व्हरला हात न लावता कोणती ओळ जाणार आणि कोणती येणार, हे वजा-अधिक चिन्हांसह समोर दिसतं. ही बदलाची रंगीत तालीमच. तिची मर्यादाही ठाऊक हवी. प्रत्येक पायरी एखाद्या ‘मॉड्यूल’कडून, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तयार कोडकडून, होते; त्यातल्या शेल किंवा कमांड मॉड्यूलने लिहिलेल्या पायऱ्या तिच्यात सहसा वगळल्या जातात. म्हणून अशा पायऱ्या जितक्या कमी, तितकी तालीम खरी.

२०१४मध्ये ‘व्हॉल्ट’ आलं. प्लेबुक गिटमध्ये ठेवायचं आणि डेटाबेसचा पासवर्ड मात्र उघडा, ही अडचण त्याने सोडवली. पासवर्ड कूटबद्ध होऊन कोडसोबतच राहू लागला. जानेवारी २०१६च्या २.० आवृत्तीने ‘ब्लॉक’, ‘रेस्क्यू’ आणि ‘ऑल्वेज’ दिले. मधली पायरी फसली तर मागे कसं यायचं, हे आधीच लिहून ठेवता येऊ लागलं.

या खबरदारीची किंमत २८ फेब्रुवारी २०१७ रोजी साऱ्या जगाला कळली. त्या दिवशी अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत काही थोडे सर्व्हर काढायचे होते. कमांडला दिलेली एक माहिती चुकीची गेली आणि बरेच जास्त सर्व्हर निघाले. व्हर्जिनियातल्या केंद्रातली सेवा चार तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली आणि तिच्यावर उभ्या असंख्य वेबसाइट अडखळल्या. पुढे अ‍ॅमेझॉनने ते साधनच बदललं : सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरावीक मर्यादेखाली संख्या जाऊच शकणार नाही. ते साधन कोणतंही असो, धडा सगळ्यांसाठीच होता. प्लेबुकमधला ‘सिरियल’ हा छोटासा शब्द हळूहळू जाण्याचं हेच काम करतो. शंभर सर्व्हर असले तर आधी पाचांवर बदल करा; ते सगळेच फसले तर पुढचे घेतले जात नाहीत.

२०२०पर्यंत अ‍ॅन्सिबलचा पसारा अवाढव्य झाला होता. तीन हजारांहून अधिक मॉड्यूल एकाच कोडसाठ्यात होती, आणि त्यातल्या एखाद्या दुरुस्तीलाही अख्ख्या आवृत्तीची वाट पाहावी लागे. त्या वर्षी बहुतेक मॉड्यूल ‘कलेक्शन’मध्ये वेगळी काढली गेली. जुन्या प्लेबुकमधली नावं बदलताना त्रास झाला, पण कुठलं मॉड्यूल कुणाचं, हे नावातूनच कळू लागलं. २०२१पासून ‘एक्झिक्यूशन एन्व्हायर्नमेंट’ आलं. पायथॉन, कलेक्शन आणि बाकी सगळं एका कंटेनरमध्ये बांधलेलं असल्याने माझ्या लॅपटॉपवर चाललेलं प्लेबुक प्रॉडक्शनमध्ये अडण्याचे प्रसंग खूप कमी झाले.

ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर झालेल्या ‘इव्हेंट-ड्रिव्हन अ‍ॅन्सिबल’ने मात्र माणसाची जागाच बदलली. डिस्क भरत आल्याचा इशारा आला, की नियमपुस्तकातली अट जुळते आणि जुने लॉग हटवणारं प्लेबुक आपोआप सुटतं. पुण्यात परदेशी ग्राहकांचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी हा मोठा दिलासा आहे. पण त्या क्षणी चेक मोडचा निकाल वाचायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून काय हटवायचं आणि कुठे थांबायचं, याची मर्यादा दिवसाउजेडी, दोघांनी वाचून ठरवायला हवी. २०२३मध्ये आलेल्या ‘लाइटस्पीड’लाही हाच न्याय लागू. साध्या वाक्यावरून एआय प्लेबुक लिहून देतं, पण त्यातली प्रत्येक ओळ वाचण्याची जबाबदारी चालवणाऱ्याचीच राहते.

२०२५मध्ये आलेली, मूळ गाभ्याची म्हणजे ‘कोअर’ची २.१९ आवृत्ती मला या साऱ्या प्रवासाचं सार वाटते. पूर्वी अटीच्या जागी नुसतं एखाद्या यादीचं नाव लिहिलं, तरी यादी रिकामी नाही म्हणजे अट खरी, असा अर्थ अ‍ॅन्सिबल परस्पर लावत असे. आता ते एरर देऊन थांबतं. यादीची लांबी शून्यापेक्षा जास्त आहे का, हे स्पष्ट विचारावं लागतं. त्यामुळे जुनी प्लेबुक अडली आणि दुरुस्तीचं काम वाढलं. तरी हा बदल योग्यच आहे. एका कमांडने शेकडो सर्व्हर बदलणाऱ्या साधनाने अंदाज बांधता कामा नये. नव्या आवृत्तीत काय आलं, हे वाचताना आपण पहिला प्रश्न हाच विचारावा : चूक झाली, तर ती सर्व्हरवर पोहोचण्याआधी मला दिसेल का? ज्या सोयीचं उत्तर ‘हो’ असेल, ती आधी शिकावी.