जुना ब्लॉक भाड्याने देण्यापूर्वी

आपल्या सभासदांपैकी अनेकांची पहिली घरे नाशिकरोड, उपनगर, जेलरोड, सातपूर आणि सिडको या भागांत आहेत. सिक्युरिटी प्रेस, करन्सी नोट प्रेस, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे वीज केंद्र, सातपूर-अंबडच्या कंपन्या अशा ठिकाणी नोकरी करून, पगारातून हप्ते फेडून ऐंशी-नव्वदच्या दशकांत घेतलेले हे दोन-तीन खोल्यांचे ब्लॉक. पुढे कुटुंब वाढले, मोठे घर झाले, मुले पुण्या-बंगळूरला गेली. जुना ब्लॉक मात्र कुलूप लावून तसाच राहिला. दुसरीकडे, सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, नांदगाव येथून नाशिकला शिकायला येणारी मुले जून-जुलैत खोलीसाठी वणवण फिरतात. ही दोन टोके जोडता येण्यासारखी आहेत. त्यासाठी जुन्या ब्लॉकची तयारी कशी करावी, कशावर खर्च करावा व कशावर करू नये, याची माहिती सभासदांना आणि विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

ब्लॉक बंद ठेवण्याचे कारण विचारले तर बहुतेक ज्येष्ठ सभासद एकच सांगतात : भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. ही भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले होते. त्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत असलेले लोकही कायद्याने भाडेकरू ठरले. त्या गोष्टी एका पिढीच्या मनात घट्ट बसल्या. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवता येतो, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. जुन्या कायद्याच्या धाकाने आजचा ब्लॉक बंद ठेवणे म्हणजे घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स फुकट भरत राहणे होय.

आता प्रत्यक्ष ब्लॉककडे वळू. पुष्कळ जण आधी रंगाऱ्याला बोलावतात. आमच्या मते तो सर्वांत शेवटी यावा. आधी पाणी, मग वीज, मग भिंती, आणि सामान त्यानंतर, असा क्रम ठेवला तर पैसे दोनदा खर्च होत नाहीत.

पाण्याचे दोन प्रश्न असतात : नको तेथे येणारे आणि हवे तेथे न येणारे. जुन्या इमारतींत जीआय पाइप टाकलेले असतात. ते आतून गंजून बारीक होतात. सकाळी नळ सोडल्यावर पहिले तांब्याभर पाणी तांबूस येत असेल आणि धार करंगळीएवढी असेल, तर नवा चकचकीत नळ बसवून काहीही फरक पडत नाही. पाइपच बदलावा लागतो. आजकाल सीपीव्हीसी पाइप वापरतात, तो गंजत नाही. मोरी व संडासाची गळती शोधण्याचा साधा उपाय असा : नहाणीच्या जाळीचे तोंड कापडी बोळ्याने बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलने खूण करावी व चोवीस तास थांबावे. पातळी बरीच उतरली किंवा खालच्या घराच्या छताला ओल आली, तर टाइल्सचे सांधे अगर नहाणीचा सांधा फुटला आहे असे समजावे. नुसते व्हाइट सिमेंट भरले की सहा महिन्यांत पुन्हा तेच. गच्चीतून गळत असेल तर ते काम सोसायटीचे आहे. तेथे स्वतः डांबर ओतत बसण्यापेक्षा सोसायटीकडे लेखी अर्ज द्यावा. इमारतीला तीस वर्षे झाली असतील तर महापालिकेच्या कायद्यानुसार तिच्या मजबुतीची तपासणीही करून घ्यावी लागते. तो अहवाल आहे काय, हे अर्जासोबतच विचारून घ्यावे.

नळाला ठराविक वेळीच पाणी येते म्हणून काही जण माळ्यावर पाचशे लिटरची टाकी बसवतात. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो वजन. जुना माळा हा ट्रंका व भांडी ठेवण्यासाठी टाकलेला असतो. त्याच्यावर हे ओझे देऊ नये.

विजेच्या बाबतीत आम्ही थोडे विस्ताराने सांगणार आहोत, कारण येथे चूक झाली तर ती पैशांवर भागत नाही. त्या काळचे वायरिंग दोन ट्यूबलाइट, दोन पंखे, एक टीव्ही एवढ्या हिशेबाने केलेले असते. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर करंट घेतो, आणि जुन्या ब्लॉकमधील बहुतेक प्लग पाच अँपिअरचे असतात. चार विद्यार्थी राहायला आले की इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड, विजेची शेगडी हे सारे येणारच. पूर्वी किटकॅट फ्यूज उडाला की कुणीतरी त्यात जाड तार अडकवून वेळ भागवीत असे. पुढच्या वेळी ती तार वितळत नाही. भिंतीतील वायर तापते. म्हणून किटकॅट काढून एमसीबी बसवावेत, स्वयंपाकघर व मोरीसाठी सोळा अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट काढावेत, आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी अवश्य लावावा. ओल्या हाताने रॉडला स्पर्श होऊन करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला तर हे उपकरण क्षणार्धात वीज तोडते. अर्थिंग आहे किंवा नाही हे परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे. तिसरे भोक असले म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही.

नाशिकची थंडी सर्वांच्या परिचयाची आहे. विजेचे बिल वाचवण्यासाठी काही घरमालक मोरीच्या आत गॅसचा गिझर बसवतात. हे कदापि करू नये. बंद मोरीत गॅस जळताना प्राणवायू कमी होतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरते, दार उघडण्याचे बळ राहत नाही. अशा रीतीने आंघोळीला गेलेली तरुण मुले-मुली दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात कोठून ना कोठून येतात. गॅस गिझर ठेवायचाच असेल तर तो मोकळ्या गॅलरीत असावा व तेथून फक्त गरम पाण्याचा पाइप आत यावा. खोली पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी भाडे विचारण्याच्या आधी गिझर कोठे आहे ते पाहावे.

भिंतींना ओल असेल तर प्लास्टर खरवडून दोन-तीन आठवडे उन्हा-वाऱ्याने वाळू द्यावे. ओल्या भिंतीवर लांबी आणि ऑइल पेंट चढवला की पावसाळ्यात पोपडे सुटतात. होळी ते मे अखेर हा काळ या कामाला उत्तम. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा घर तयार असते. रंग साधा, फिका. मोझॅकची जुनी फरशी उखडून नवी बसवण्याचा मोह टाळावा. ती घासून पॉलिश केली तर आणखी वीस वर्षे सहज टिकते, आणि नव्या फरशीपेक्षा बरी दिसते असेही आमचे मत आहे.

सामानाचा विचार मात्र कागद-पेन्सिल घेऊन करावा. समजा, रिकाम्या ब्लॉकला दरमहा ८,००० रुपये भाडे येते. लोखंडी कॉट, टेबल, पाठ असलेल्या लाकडी खुर्च्या, पुस्तकांचे रॅक, एक लोखंडी कपाट यांवर ३६,००० रुपये खर्च केल्याने भाडे १,५०० रुपयांनी वाढले, तर दोन वर्षांत पैसे वसूल होतात. याउलट १,२०,००० रुपयांचे मॉड्युलर किचन करून भाडे १,००० रुपयांनीच वाढले, तर दहा वर्षे लागतात. तोवर त्याच्या पट्ट्या फुगलेल्या असतात. विद्यार्थ्यांच्या घरात प्लायवुडचे पेटीपलंग ठेवू नयेत, ढेकूण झाले की निघत नाहीत. टेबलाजवळ चांगला उजेड आणि प्लग, खिडकीला डासांची जाळी, कपडे वाळत घालायला दोरी किंवा रॉड, चपलांना जागा, या स्वस्त गोष्टींनीच मुले एका घरात टिकतात. स्वतःच्या नावाचे घरगुती गॅस कनेक्शन दुसऱ्याला वापरायला देणे नियमात बसत नाही. त्यांनी पाच किलोचे लहान सिलिंडर घ्यावे. शेगडीची रबरी नळी मात्र आपण नवी द्यावी. ती दर पाच वर्षांनी बदलावी लागते.

घर तयार झाले की ते कोणाला द्यायचे हा प्रश्न येतो, आणि येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून सामानासकट बाहेर काढले गेले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, याच शहरात खोली शोधताना आपल्यापैकी अनेकांना भाड्याआधी आडनाव विचारले गेले, आणि आडनाव सांगताच खोली 'कालच गेली' होती. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात केलेल्या पाहणीतही दलित व मुस्लिम नावांनी घर मागणाऱ्यांना नकार आणि जादा अटी अनुभवास आल्या. आज आपण घरमालक आहोत. आपला दलाल फोनवर काय विचारतो, हे एकदा कान देऊन ऐकावे. पेठचा आदिवासी मुलगा, मालेगावची मुस्लिम मुलगी, 'मांसाहार चालेल का' असे बिचकत विचारणारा कोणीही आपल्या दारातून आडनावामुळे परत जात असेल, तर ते थांबवणे आपल्याच हातात आहे. विचारावयाचे ते कॉलेज, पालकांचा पत्ता आणि भाडे कसे देणार एवढेच.

भाडे कसे देणार, या प्रश्नाशी कराराचा निकटचा संबंध आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. भोजन व निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, परंतु आपण भाड्याने राहतो याचा पुरावा त्याला द्यावा लागतो. घरमालकाने 'कागद नको, रोख द्या' म्हटले की त्या मुलाची वर्षाची मदत अडते. ही रक्कम महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हप्त्यांनी व कधी उशिराने येते, हेही घरमालकाने ध्यानात ठेवावे आणि भाड्याच्या तारखा सुरुवातीलाच तशा ठरवाव्यात.

करार लेखी असणे व तो नोंदवणे ही कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे; न नोंदवल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. स्टँप पेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे. खर्चही फार नाही. दरमहा ८,००० रुपये भाडे, २०,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली तर मुद्रांक शुल्क दोन-तीनशे रुपयांच्या आसपास येते, व महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. दलालाची फी याहून जास्त असते! नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर करार पालकाशी करावा. सोसायटीला एक प्रत द्यावी, पोलीस ठाण्यात माहिती कळवावी. सोसायटी बिगरवापर शुल्क मागेल. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आयकराच्या हिशेबात भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर तीस टक्के वजावट मिळते, तेव्हा भाडे लपवण्याचे कारण नाही.

किल्ली देण्याच्या दिवशी घरमालक व विद्यार्थी दोघांनी मिळून घरभर फिरावे. प्रत्येक वस्तूची यादी, तिची स्थिती, भिंतींचे फोटो आणि मीटरचे रीडिंग कागदावर लिहून दोघांनी सही करावी. रंग फिका पडणे, नळाचा वॉशर जाणे ही झीज आहे, ती अनामतीतून कापू नये. फुटलेली काच कापावी. लॅचचे कुलूप नवे बसवावे, कारण जुन्याच्या किल्ल्या इतक्या वर्षांत कोणाकोणाकडे गेल्या हे कोणीच सांगू शकत नाही. महावितरणचे बिल मालकाच्या नावावर येत राहते, म्हणून ते कोणी व कोणत्या तारखेपर्यंत भरायचे हे त्याच कागदावर लिहावे. आणि कधी वाद झालाच तर वीज वा पाणी तोडू नये, ते कायद्याने मना आहे.